इंजिनांची अदलाबदल, भिन्न मॉडेल-वर्षांतील

मोटारगाडीचे मूळ इंजिन काढून त्याच मालिकेतील, पण निराळ्या मॉडेल-वर्षाचे इंजिन बसवणे. नाव व घनक्षमता तीच असली तरी उत्पादक आतले भाग वेळोवेळी बदलत असतात. ब्लॉक बाहेरून बहुधा पूर्वीसारखाच दिसतो. त्यामुळे जे भाग बसतच नाहीत त्यांच्यापेक्षा जे बसतात पण जुळत नाहीत तेच अधिक घातक ठरतात.

याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण फोर्डच्या ३०२ घन इंची व्ही-८ इंजिनाचे. त्याच्या क्रँकशाफ्टचे (पिस्टनांमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) संतुलन काही अंशी बाहेरून, म्हणजे मागचे फ्लायव्हील (जड चाक) आणि पुढचा डँपर (कंपने शमवणारे चाक) यांवरील जादा वजनांनी साधलेले असते. जुन्या क्रँकशाफ्टला २८ औंस-इंच, नव्याला ५० औंस-इंच असमतोल लागतो. हा बदल नेमका केव्हा झाला यावर एकमत नाही. काही याद्या १९८१ सांगतात, तर काही १९८२. मॉडेल-वर्ष दिनदर्शिकेच्या वर्षाआधीच सुरू होते, शिवाय मधल्या काळात उघडलेल्या इंजिनात क्रँकशाफ्टही बदललेला असू शकतो. तेव्हा वर्षापेक्षा क्रँकशाफ्टवरील ओतीव खूण पाहून ठरवणे अधिक विश्वसनीय. फ्लायव्हीलची सहा भोके दोन्हींत जुळतात आणि चुकीचे फ्लायव्हीलही विनासायास कसले जाते. आयडलला (गाडी उभी असताना इंजिन मंद फिरते तेव्हा) थरथर किरकोळ वाटते, पण असमतोलाचे बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने आरपीएम चढताच क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या मेन बेअरिंगवर मार बसू लागतो. फ्लायव्हील बदलून डँपर जुनाच ठेवला तरी दोष उरतोच. दोन्ही एकाच मापाचे हवेत.

याच ३०२ इंजिनाचा फायरिंग क्रमही (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) दोन प्रकारचा आहे: सामान्य ३०२ मध्ये १-५-४-२-६-३-७-८, तर ५.० लिटर एचओ (हाय आउटपुट, म्हणजे अधिक शक्तीच्या) प्रकारात १-३-७-२-६-५-४-८. प्लगच्या वायरी बसवलेल्या कॅमशाफ्टप्रमाणे (झडपा उघडणाऱ्या दांड्याप्रमाणे) लावाव्यात, गाडीच्या वर्षाप्रमाणे नव्हे.

शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये १९८६ पासून मागचे दोन तुकड्यांचे ऑइल सील अखंड झाले आणि फ्लायव्हीलच्या बोल्टवर्तुळाचा व्यास ३.५८ इंचांवरून ३.०० इंचांवर आला. येथे चूक हातातच कळते.

इलेक्ट्रॉनिक बाजूला जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांचा दाखला पुरेसा आहे. आधीच्या पिढीत क्रँक सेन्सरच्या (क्रँकशाफ्टची स्थिती टिपणाऱ्या सेन्सरच्या) चाकाला २४ खुणांचा, नंतरच्या पिढीत ५८ खुणांचा संकेत असतो. ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) दुसऱ्या पिढीचा असेल तर स्टार्टर फिरतो, पण ठिणगी पडत नाही. उपाय तीन: इंजिनाचाच ईसीयू व हार्नेस (वायरींचा संच) आणणे, संकेत बदलणारा मॉड्यूल लावणे, किंवा इंजिन उघडून चाक बदलणे. पहिला सहसा श्रेयस्कर. इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असल्यास किल्ली व ईसीयूची जोडी नव्याने नोंदवावी लागते.

ऑटोमॅटिक गाडीतून काढलेल्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टमध्ये पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक पेलणारे) नसू शकते. मॅन्युअल गिअरबॉक्स जोडण्याआधी ते पाहावे. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचे बल तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) पूर्ण आत बसल्यावर फ्लेक्सप्लेटपर्यंत (फ्लायव्हीलऐवजी असणाऱ्या पातळ चकतीपर्यंत) सुमारे ३ ते ५ मिमी फट राहिली पाहिजे. ती न राहता बेल-हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट ताणून आवळल्यास गिअरबॉक्सचा पंप फुटतो. माउंट आणि ऑइल संपचा खोलगट भाग क्रॉसमेंबरला (गाडीच्या आडव्या आधारपट्टीला) अडत असल्यास इंजिन ज्या गाडीत बसवायचे तिचाच संप व पिकअप नळी (तेल ओढणारी नळी) अशी जोडीच घ्यावी.

नियम प्रदेशागणिक भिन्न आहेत. कॅलिफोर्नियात बसवलेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे लागते आणि त्याची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणाही सोबत बसवावी लागते.