लॉनचा जॉइंट उघडला? गोंद लावण्याआधी हे वाचा

गच्ची, बाल्कनी किंवा अंगणात कृत्रिम लॉन बसवलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

दुरुस्तीसाठी येणारे बरेचसे फोन एकाच धर्तीचे असतात : "दोन पट्ट्यांमधला जॉइंट सुटला होता, आम्ही घरीच चिकटवला, पण परत उघडला." कृपया घरी चिकटवू नका. नुसता सुटलेला जॉइंट महिनाभर तसाच राहिला तरी आम्ही तो पूर्ववत करून देतो. झटपट गोंद लागलेल्या जॉइंटचं काम मात्र दुप्पट होतं, आणि खर्चही वाढतो.

कारण असं. लॉनची पाती पॉलिइथिलीनची असतात आणि त्यांच्या मुळाशी दिसणारा कुरळा, तपकिरी थर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. या दोन्हींवर ट्यूबमधला झटपट गोंद नीट धरत नाही. तो धरतो पाठीच्या काळ्या थराला आणि तिथे वाळून कडक, ठिसूळ होतो. लॉन दुपारच्या उन्हात पसरतं आणि रात्री आवळतं. या रोजच्या ताणाने कडक गोंद तडकतो आणि निघताना पाठीचा थरही सोलून काढतो. ग्लू गनचा गोंद तर एप्रिल-मेच्या गच्चीवर मऊच पडतो.

अशा कडा पुन्हा जोडता येत नाहीत, कापाव्याच लागतात. दोन्ही बाजूंनी इंच-इंच कापलं की मध्ये दोन इंचांची फट राहते. दोन इंची पट्टी तिथे टिकत नाही, म्हणून निदान फूटभर रुंदीचा पट्टा घालावा लागतो, आणि जिथे एक जॉइंट होता तिथे दोन होतात. "एवढीशी फट, एवढं बिल कसं?" या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

आमची पद्धत थोडी वेळखाऊ आहे आणि ती आम्ही बदलणार नाही. उघडलेला भाग वीतभर असला तरी दोन्ही बाजूंना हातभर पुढपर्यंत लॉन उचलतो, कारण पाणी आणि माती आतपर्यंत गेलेली असते. जुना गोंद खरवडून जमीन कोरडी करतो. कड कापायची असेल तर पाठीकडून, पाती शिवलेल्या टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून कापतो. वरून कापलं तर पाती तुटतात आणि फट कायम दिसत राहते. मग खाली रुंद जॉइंट टेप, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) गोंद, दोन्ही कडा हलकेच टेकवणं, गोंदात अडकलेली पाती एकेक करून बाहेर काढणं आणि वर वजन. त्यानंतर चोवीस तास त्यावर चालायचं नाही, खुर्ची ओढायची नाही. ओल्या फरशीवर हे काम होत नाही, म्हणून पावसाळ्यात आम्ही सलग उघडीप मिळेपर्यंत थांबायला सांगतो. तोवर कडेवर दोन विटा किंवा कुंड्या ठेवा, तेवढं पुरतं.

"मग संपूर्ण लॉनच खाली का चिकटवत नाही?" असंही विचारलं जातं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर सगळीकडे गोंद ओतणं आम्हाला पटत नाही. उद्या गळती निघाली तर लॉन फाडूनच शोधावी लागेल. आम्ही फक्त जॉइंट आणि कडा धरतो, म्हणजे मेमध्ये लॉन उचलून खालची माती आणि नहाणीची जाळी साफ करता येते. पावसाआधीची ही सफाई चुकली की पाणी साचतं, शेवाळ धरतं, वास येतो आणि जॉइंटही सुटतात. वार्षिक देखभालीत आम्ही ती करतोच; स्वतः करणार असाल तर निदान जाळीवरचा कोपरा तरी उचलून पाहा.

दिवाळीनंतरचे फोन जळक्या डागांचे असतात. पॉलिइथिलीन साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि फुलबाजीची विझलेली तारसुद्धा काही वेळ त्याहून गरम असते. फटाके लॉनपासून लांब उडवा, पणत्या ताटात ठेवा. डाग पडलाच तर ठिगळ लावता येतं, पण पात्यांचा कल जुळवावा लागतो. उलट्या कलाचं ठिगळ दुसऱ्या रंगाचं वाटतं. नवा तुकडा उन्हाने फिकटलेल्या लॉनमध्ये उठून दिसतो, म्हणून आम्ही शक्यतो तुमच्याच लॉनचा कोपऱ्यातला तुकडा डागाच्या जागी लावतो आणि नवा त्या कोपऱ्यात बसवतो. बसवताना उरलेले तुकडे टाकून देऊ नका, माळ्यावर गुंडाळून ठेवा.

डाग एका रेषेत असेल आणि जवळ कोणी काही पेटवलं नसेल, तर समोरच्या खिडकीच्या काचेकडे पाहा. काचेवरून एकवटून येणाऱ्या उन्हाने पाती वितळतात. आधी तिथे शेडनेट लावा, मगच ठिगळाचा खर्च करा.

रोजची निगा सोपी आहे. आडव्या झालेल्या पात्यांवर कलाच्या उलट दिशेने कडक ब्रश फिरवा. तारेचा ब्रश नको. साधा साबण आणि पाणी पुरतं, ॲसिड आणि ब्लीच अजिबात नको. कुत्रं असेल तर त्याच्या जागेवर रोज पाणी ओता. टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून धुतले की बरेचसे जातात.

दुरुस्तीसाठी व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवा : जॉइंट जवळून, संपूर्ण लॉन लांबून, आणि कड उचलून पाठीचा. काही चिकटवून झालं असेल तर काय लावलं तेही लिहा. त्यावरून अंदाजे खर्च आम्ही येण्याआधीच सांगतो आणि लागणारा पट्टा सोबत आणतो, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही.