सारंगखेडा

खान्देशातील तापीकाठचे, घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. ते नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, नदीच्या उत्तर तीरावर वसले आहे. रेल्वेने येणारा सुरत-भुसावळ मार्गावरील दोंडाईचा स्थानकावर उतरतो आणि तापीवरचा पूल ओलांडून गावात शिरतो. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता.

येथील एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला सुरू होते. अहिराणीत ‘सारंगखेडानी जत्रा’ म्हटले, की दत्ताच्या आधी घोडाच डोळ्यांपुढे येतो. बाजार तीनशे-साडेतीनशे वर्षांचा आहे, असे गावकरी सांगतात. सुरत ते बऱ्हाणपूर हा जुना व्यापारी मार्ग तापीच्याच खोऱ्यातून, नंदुरबारवरून जात असे. त्या वाटेवर जनावरांचा बाजार मूळ धरून राहिला, यात नवल नाही.

मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे असे घोडे ट्रकांतून येथे उतरतात. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले, टोके एकमेकांना भिडणारी; नवख्यालाही ते ओळखता येते. बाकीची पारख मात्र जाणत्यांची. घेणारा आधी जबडा उघडून दात पाहतो, त्यावरून वय ठरते. मग तो भोवरे शोधतो. कंठावरचा ‘देवमण’ शुभ, काही भोवरे अशुभ. एवढ्याशा केसांच्या वळणाने सौदा मोडतो. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला तो पंचकल्याणी, ठिपक्या-पट्ट्यांचा तो अबलख, तांबूस अंगाचा काळ्या आयाळीचा तो कुमेद. शास्त्र किती आणि श्रद्धा किती, हा वाद बाजारात कोणी घालत नाही. किंमत दोन्हींची लागते.

शर्यतीच्या अपेक्षेने येणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे : येथे निव्वळ भरधाव पळण्यापेक्षा चालीला मान आहे. रेवाल चालीत घोडा एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जोडीने टाकतो, त्यामुळे पाठ हलत नाही. स्वाराच्या हातातले पाणी सांडू नये, अशी चाल खरी म्हणतात. घोडा चौखूर उधळला, की चाल मोडली. लांबच्या मजला मारणाऱ्या स्वाराला अशाच घोड्याची गरज असे. आता मागणी मुख्यतः वरातीची आणि हौशी घोडेवाल्यांची, म्हणून नाचरा घोडाही भाव खातो. अलीकडच्या वर्षांत यात्रेला जोडून, राज्याच्या पर्यटन खात्याच्या सहभागाने, चेतक महोत्सव भरवला जाऊ लागला. तंबू, स्पर्धा आणि छायाचित्रकार वाढले. तरी बाजार पाहायचा तो सकाळी लवकर, खरारा चालू असताना. दुपारनंतर गर्दीत घोड्याऐवजी माणसेच दिसतात.

तापीवर येथे आणि प्रकाशे येथे बॅरेज आहेत, त्यामुळे हिवाळ्यातही पात्रात पाणी भरलेले दिसते. तापी-गोमाई संगमावरचे प्रकाशे हे ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. तेथील केदारेश्वराच्या दर्शनाला येणारे बहुतेक भाविक गावालगतच्या पांढरीकडे, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाकडे, पाहतही नाहीत. त्या टेकाडाचे उत्खनन १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी केले आणि ताम्रपाषाणयुगापर्यंतच्या वस्तीचे थर उजेडात आणले. घाटावर गर्दी असली, तर तिकडे पाय वळवावेत.

शहाद्याच्या उत्तरेला जमीन चढत सातपुड्यात जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवरचे तोरणमाळ अक्राणी तालुक्यात आहे. यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरखनाथाचे मंदिर ही तिथली ठिकाणे. महाशिवरात्रीला भिल्ल-पावरा लोक डोंगर चढून येतात. घाट वळणांचा असल्याने यात्रा आणि तोरणमाळ एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये.

परतीची वाट नंदुरबारवरून धरली, तर यात्रेच्या दिवसांत शहराबाहेर मिरचीच्या पथारी लागतात. मैदानेच्या मैदाने लाल झालेली असतात आणि गाडीची काच बंद असली तरी ठसका बसतो.