तेरा आठवड्यांची नर्स आणि तीन वर्षांची नर्स

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुठल्याही गल्लीत मान वर केली की एनक्लेक्स (अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा), ओईटी (आरोग्यसेवेतल्यांसाठी इंग्रजीची परीक्षा), जर्मन बी-टू (जर्मन भाषेची पातळी) असे क्लासचे फलक दिसतात. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली पोरगी त्या जिन्यानं वर चढते तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये एक रील आधीच सेव्ह केलेलं असतं. अमेरिकेतली नर्स, गाडीच्या डिकीत दोन बॅगा, आत्ता अ‍ॅरिझोना, पुढच्या खेपेला अलास्का, आणि स्क्रीनवर आठवड्याच्या पगाराचा आकडा. डॉलरला रुपयानं गुणायला किती वेळ लागतो? वर क्लासवाला सांगतो, "परीक्षा पास झालीस की एजन्सीच तुला घेऊन जाते." रीलमधल्या बाईलाही एजन्सीच पाठवते. मग दोन्ही गोष्टी एकच, हे रात्री जेवताना घरात ठरून जातं.

रीलमधली बाई ट्रॅव्हल नर्स आहे, म्हणजे थोड्या आठवड्यांच्या करारावर एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात फिरणारी. कागलची किंवा गडहिंग्लजची मुलगी जाणार ती परदेशात भरती झालेली स्टाफ नर्स म्हणून. दोघींच्या हातात करार, दोघींच्या मागं एजन्सी, दोघीही घरापासून लांब बारा-बारा तासांच्या ड्युट्या ओढणाऱ्या, त्यामुळं गल्लत होणं साहजिक आहे. करार हातात आला की मी पगाराचा रकाना नंतर बघते. आधी बघते ते हे, की काम मधेच सोडलं तर कोण कुणाचं देणं लागतं.

ट्रॅव्हल नर्सचं काम बहुतेक वेळा १३ आठवड्यांचं असतं. आठवड्याला १२ तासांच्या तीन ड्युट्या, म्हणजे ३६ तास. काही ठिकाणी ४८. हिवाळ्यात फ्लू वाढला, फ्लोरिडात थंडी टाळायला म्हातारी माणसं येऊन राहिली, तीन स्टाफ एकदम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, की हॉस्पिटल तेवढ्यापुरती माणसं मागवतं. तिथल्या एका वॉर्डात किमान एक-दोन वर्षं काम केलेली नर्सच चालते, कारण शिकवायला कुणाला सवड नसते. ओरिएंटेशन म्हणजे जेमतेम एक-दोन ड्युट्या. पहिल्या नाइटला औषधाच्या कपाटाचा कोड चालत नाही, मग प्रत्येक गोळीसाठी शेजारच्या नर्सला हाक मारायची. चार्टिंगचं सॉफ्टवेअर मागच्या हॉस्पिटलपेक्षा वेगळं. इन्चार्जला एखाद्या वॉर्डात माणूस कमी पडलं की आधी पाहुण्या नर्सलाच तिकडं फ्लोट करतात, म्हणजे तेवढ्यापुरतं पाठवतात. बारा तासांत दोन वॉर्ड आणि दोन हँडओव्हर, असं होतंच.

आता तो पगाराचा आकडा. समजा जाहिरातीत आठवड्याला २,००० डॉलर लिहिलंय. त्यातला तासाचा दर २५ डॉलर धरला तर ३६ तासांचे ९०० होतात, आणि कर लागतो तो यावर. उरलेले १,१०० घरभाडं आणि जेवणाचा भत्ता म्हणून येतात, करमुक्त. पण हा भत्ता करमुक्त राहतो तो एका अटीवर: तिचं मूळ घर दुसरीकडं असलं पाहिजे, तिथलाही खर्च तिनं खरोखर करत असलं पाहिजे आणि कामाचं ठिकाण तात्पुरतं असलं पाहिजे. एकाच जागी वर्षाच्या वर काम होणार असेल तर अमेरिकेचं कर खातं त्याला तात्पुरतं मानत नाही आणि भत्त्यावरही कर लागतो. अमेरिकेत पाय ठेवून चार महिने झालेल्या मुलीकडं खर्च चालू असलेलं असं दुसरं घर कुठून येणार? तेव्हा तोच आकडा तिच्या हातात बराच कमी होऊन पडतो.

शिवाय ड्युटी चुकली तर भत्ताही कापला जातो. पेशंट कमी झाले तर हॉस्पिटल ड्युटी रद्द करू शकतं. करारात हमीचे तास लिहिले नसतील तर त्या दिवसाचे पैसे गेले. दोन कामांच्या मधल्या आठवड्यांत पगार नाही, आणि कित्येकदा विमाही तुटतो. हॉस्पिटलनं चौथ्या आठवड्यात करार संपवला तरी भाड्यानं घेतलेल्या खोलीचे पैसे भरावेच लागतात. कोविडात हे दर आभाळाला भिडले होते, २०२२ नंतर खाली आले. जुनी रीलं मात्र अजून फिरतायत.

तरीही या बाईच्या हातात एक गोष्ट आहे. चौदाव्या आठवड्यात ती कुणाचं काही देणं लागत नाही. इन्चार्ज खवचट निघाली, गाव आवडलं नाही, तर मुदत भरली की बॅगा डिकीत. एजन्सी तिला धरून ठेवत नाही, उलट तिनं सोडून जाऊ नये म्हणून फोन करत राहते. एकाच वेळी दोन-तीन एजन्सींशी बोलणं हा तिथं रिवाज आहे.

परदेशी भरती झालेल्या नर्सचं गणित नेमकं इथं उलटतं. तिच्यावर आधीच खर्च झालेला असतो. परीक्षेची फी, कागदपत्रांची पडताळणी, व्हिसा, वकील, विमानाचं तिकीट, पहिले काही आठवडे राहायची सोय, हे एजन्सीनं किंवा हॉस्पिटलनं भरलेलं असतं आणि त्या बदल्यात दोन किंवा तीन वर्षं लिहून घेतलेली असतात. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही: ऊसतोडीला निघालेल्या टोळीनं घेतलेली उचल. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही.

मुरगूडकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. करार चांगला जाडजूड, इंग्रजीत. वडील बघत होते पहिल्या पानावरचा पगार; मी उलटून अकराव्या-बाराव्या पानावर गेले, कारण ते कलम साधारण तिकडंच असतं. मुदतीआधी नोकरी सोडल्यास अमुक डॉलर. वडिलांनी विचारलं, "मॅडम, म्हणजे पोरगीला तिकडं करमलं नाही तर आम्ही जमीन विकायची?" मुलगी म्हणाली, "बाबा, तसं कुणी मागत नाही हो." मागतात. कोर्टातही जातात. मात्र कोर्ट दरवेळी मालकाच्याच बाजूनं जातं असंही नाही. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं फिलिपिनो नर्सच्या खटल्यात २५,००० डॉलरची अशी अट म्हणजे नर्सना धाक दाखवून कामावर बांधून ठेवणारा दंड आहे, असं म्हणून ती फेटाळली. आपल्याकडंही १८७२ च्या करार कायद्यातलं ७४ वं कलम सांगतं, की करारात आकडा कितीही लिहिला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. पण परक्या देशात वकील करून भांडणं आणि इथं बसून कलम वाचणं यात अंतर आहे, त्यामुळं सही करायच्या आधीच बघावं.

आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे तो आकडा महिन्यागणिक उतरतो का. दोन वर्षं काम केलेल्या मुलीला आणि दोन महिन्यांत परतलेल्या मुलीला एकच रक्कम लावणारा करार मी तरी परत पाठवायला सांगेन. दुसरं, मोजणी कधीपासून. विमानतळावर उतरल्यापासून, रजिस्ट्रेशन मिळाल्यापासून, की पहिल्या ड्युटीपासून? काही करारांत वर्षांऐवजी तास मोजतात आणि ओव्हरटाइमचे तास त्यात धरत नाहीत. नाइटवर नाइट करून मुदत लवकर संपेल असं मुलीला वाटत असतं, आणि ती संपत नाही. बदली कुठं करणार हेही वाचावं. एजन्सीची नोकर म्हणून गेलेल्या मुलीला एजन्सी एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवू शकते. लांबून ते ट्रॅव्हल नर्ससारखंच दिसतं, पण इथं जायचं की नाही हे ती ठरवत नाही.

याचा अर्थ दुसरी नर्स फसली असा नाही. तिला सुट्या मिळतात, विमा सलग राहतो, ओरिएंटेशन आठवडेच्या आठवडे चालतं, कुणीतरी विमानतळावर घ्यायला येतं. नवरा आणि मुलं बरोबर नेता येतात, मुलांची शाळा दर तीन महिन्यांनी बदलत नाही. पहिल्यांदाच देशाबाहेर पडणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला हे बांधलेपण कधी कधी आधारासारखंही असतं. मला विचाराल तर पहिली दोन वर्षं असंच काढावं.

आणि तसंही ट्रॅव्हल नर्सचा रस्ता तिच्यासमोर नसतोच. अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स व्हायला तिथं काम करायची स्वतंत्र परवानगी लागते. कॅनडा आणि मेक्सिकोच्या नर्सना व्यापारी करारामुळं तात्पुरत्या कामाची वाट आहे. भारतीय नर्सला बहुधा ग्रीन कार्डच लागतं, तेही ईबी-थ्री नावाच्या वर्गातून. त्या वर्गात जन्माच्या देशानुसार रांग लागते, आणि २०२५ मध्ये भारतात जन्मलेल्यांची ही रांग २०१३ च्या आसपास नाव लागलेल्यांपर्यंत आली होती. एनक्लेक्स पास होणं वेगळं आणि ही रांग वेगळी. क्लासच्या फलकावर पहिलं असतं, दुसरं नसतं. नवऱ्याचा जन्म दुसऱ्या एखाद्या देशात झाला असेल तर त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, पण कोल्हापूर जिल्ह्यात असे जावई किती!

रांग संपून ग्रीन कार्ड आलं, करार भरून निघाला, तिथल्या वॉर्डाचा अनुभव झाला, की मग रीलमधला रस्ता उघडतो. तेव्हाही प्रत्येक राज्याचं लायसन्स लागतं. चाळीसच्या वर राज्यांनी मिळून एक सामाईक लायसन्स केलंय, पण ते मिळायला तुमचं कायमचं घर त्यातल्याच एखाद्या राज्यात हवं; जिथं कित्येकींना जायचं असतं ते कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत. आपल्याकडंही दुसऱ्या राज्यात काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं ना-हरकत घेऊन तिथल्या कौन्सिलकडं नोंदणी करावी लागते. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता तेव्हा ज्या सिस्टर वॉर्डात होत्या त्यांनीच ड्युट्या ओढल्या. चार आठवड्यांसाठी बाहेरून नर्स मागवायचा बाजारच आपल्याकडं उभा राहिलेला नाही.

म्हणून इथल्या मुली जातात त्या इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी आणि आखातात. इंग्लंडसाठी इथं संगणकावरची परीक्षा, तिथं पोचल्यावर ओस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि ती पास होईपर्यंत कित्येक हॉस्पिटलं खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या श्रेणीचा, पगार देतात. हा फरक आधी विचारून घ्यावा. मार्च २०२४ पासून तिथं केअर वर्करला, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या मदतनीसाला, कुटुंब नेता येत नाही, आणि जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणंही बंद झालं; नर्सला मात्र कुटुंब नेता येतं. हे दोन व्हिसे एकच सांगून विकणारे लोक आहेत, तेव्हा पत्रावर कामाचं नाव काय लिहिलंय ते वाचावं. जर्मनीला भाषा बी-टूपर्यंत लागते, त्यात वर्ष सहज जातं. आखातात राहणं फुकट, वर्षाकाठी तिकीट, कर नाही; पैसे साठवायला अजूनही ते सगळ्यात सोपं.

राहिला एजंट. भारतातून परदेशी नोकरीसाठी पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते आणि तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, तोही पावतीसकट. सौदी, कुवेत धरून १८ देशांत नर्स पाठवायचं काम २०१५ पासून केंद्र सरकारनं ठरवून दिलेल्या संस्थांकडं आहे. केरळच्या नॉर्का रूट्स आणि ओडेपेक या त्यातल्या. कुणी शाहूपुरीतल्या ऑफिसात बसवून दोन लाख मागत असेल आणि वर "मूळ सर्टिफिकेटं आमच्याकडं राहू द्या" म्हणत असेल, तर चहा पिऊन उठावं आणि घरी येऊन ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव टाकावं. नोंदणी चालू आहे, संपली आहे की रद्द झाली आहे, तिथं दिसतं.