रेडिच ते राळेगाव: मोटारसायकल दुरुस्तीच्या पुस्तकांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या राळेगावसारख्या तालुक्याच्या गॅरेजात ‘गाडीचं पुस्तक आहे का?’ असं विचारलं, तर गिऱ्हाईक आरसी बुक काढून देतो. फार तर फुकट सर्व्हिसिंगची कुपनं असलेली चोपडी. दुरुस्तीचं वेगळं पुस्तक असतं हे त्याच्या गावीही नसतं. तरी कोणत्याही जुन्या गॅरेजच्या दारामागे किंवा टूलबॉक्सच्या झाकणावर ऑइलपेंटने लिहिलेले पाच-सात आकडे सापडतात: पॉइंटचा गॅप (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टोकांमधली फट), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), ऑइलचं प्रमाण. हे आकडे कुणीतरी कधीतरी छापील पानावरून उतरवलेले आहेत. ते पान कुठून आलं आणि इथपर्यंत येताना त्यातलं काय गळलं, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात इंग्लंडात. ‘द मोटर सायकल’ हे साप्ताहिक 1903 साली निघालं. त्या काळात गॅरेज क्वचितच असे, चालवणाराच मेकॅनिक. म्हणून तेव्हाची पुस्तकं मालकाला उद्देशून लिहिलेली होती. हेड उतरवून कार्बन खरवडणं, वाल्व घासणं, पॉइंट साफ करणं ही कामं तो घरीच करील असं त्यात गृहीत धरलेलं असे. मात्र वाचक म्हणून लेखकाच्या डोळ्यांसमोर पावसाळी, थंड हवेतला माणूस होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांना एअर फिल्टर नसे, मग पुस्तकात तरी त्याचं प्रकरण कुठून येणार? धुळीचा गंभीर विचार आला तो युद्धामुळे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात गेलेल्या बीएसए एम-20 गाड्यांच्या टाकीवर मोठाले फिल्टर बसवावे लागले. काळ्या मातीच्या पांदणीवर उन्हाळ्यात जी बारीक धूळ उडते, तिच्याशी नातं सांगणारं पहिलं पान हेच म्हणायचं.

आपल्याकडे हा वारसा बुलेटबरोबर आला. भारतीय सैन्याची 350 सीसी बुलेटची मागणी, त्यापाठोपाठ 1955 मध्ये मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला एनफिल्ड इंडियाचा कारखाना. पुढे मूळ रॉयल एनफिल्डच्या इंग्लंडातल्या रेडिच गावाहून यंत्रसामग्री आली, तिच्याबरोबर मापंही आली. त्यामुळे बुलेटचं पुस्तक इंचात राहिलं, नट-बोल्ट ब्रिटिश आट्यांचे राहिले आणि मिलिमीटरचा पाना लावणाऱ्याने कित्येक नटांचे कोने गोल केले. इंजिनाचा बोर (सिलिंडरची रुंदी) 70 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिमी, एकूण 346 सीसी. दारामागचे आकडे मात्र असे: पॉइंटचा गॅप 0.014 ते 0.016 इंच, म्हणजे 0.35 ते 0.40 मिमी; टायमिंग, पिस्टन टॉपला येण्याच्या 1/32 इंच अलीकडे, म्हणजे 0.8 मिमी, ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) पूर्ण मिटलेली असताना.

आकडा भिंतीवर आला, पण त्याच्यासोबतच्या ओळी पुस्तकातच राहिल्या, आणि गाडी बिघडते ती त्या ओळींपायी. पहिली ओळ क्रमाची: आधी गॅप, मग टायमिंग. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग आपोआप पुढे सरकतं. उलट क्रमाने केलं तर दोन्ही कामं वाया. दुसरी ओळ दिशेची. गाडी मेन स्टँडवर, प्लग काढलेला, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवायचं. पिस्टन खुणेच्या मागे नेऊन मग पुढच्या दिशेनेच खुणेवर आणायचा, म्हणजे टायमिंग गिअरमधला ढिलेपणा एका बाजूला बसतो. तिसरी गोष्ट हेडची: बुलेटचा प्लग तिरपा बसतो. त्यामुळे प्लगच्या भोकातून सायकलचा आरा घालून मोजलेले 0.8 मिमी हे खरे 0.8 मिमी नसतात. टॉप शोधायला आरा चालतो, पण आरा आत असताना किक मारू नये. तो वाकतो, अडकतो आणि पिस्टनला ओरखडा पडतो.

पॉइंट नेमका केव्हा उघडतो हे बघायला त्यात सिगारेटचा पातळ कागद धरतात. हलक्या ओढीने तो सुटला तो उघडण्याचा क्षण. (गोंदिया-भंडाऱ्याकडे बिडीचा व्यवसाय मोठा असला तरी तेंदूपान या कामाचं नाही, जाड पडतं.) टायमिंग मागे राहिलं तर गाडी ओढत नाही आणि सायलेन्सरचा बेंड निळा पडतो. पुढे गेलं तर किक उलटी मारते, घोटा सुजतो.

टॅपिटचंही, म्हणजे वाल्वच्या जुळणीतल्या फटीचंही, तेच. जुन्या बुलेटच्या पुशरॉडला (वाल्व उघडणाऱ्या दांड्याला) फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, लागतच नाही. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, आणि रॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे पण खालीवर हलता कामा नये. यात ‘थंड’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. गिऱ्हाईक घाईत आहे म्हणून तापल्या इंजिनावर टॅपिट बसवलं, तर थंड झाल्यावर वाल्व पूर्ण मिटत नाही. सकाळी गाडी चालू होत नाही आणि काही महिन्यांत एक्झॉस्ट वाल्वची कड जळते. मग दोष वाल्वच्या कंपनीवर जातो.

म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून गाड्या काढल्या. 1973 पासून नाव येझदी झालं आणि कारखाना 1996 मध्ये बंद पडला. जावाचं पुस्तक चेकोस्लोव्हाकियातून आलेलं, म्हणून पहिल्यापासून मिलिमीटरमध्ये. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, त्यामुळे ‘दांडा आत दाबून वर उचला’ हे चित्राने समजवावं लागे. त्याच सुमारास एस्कॉर्ट्सची राजदूत आली, पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली. दूधवाल्यांचे कॅन वाहण्यात तिची हयात गेली. दोन्ही टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकच्या पुस्तकात एकच पान खरं वाचायचं: पेट्रोलमध्ये ऑइल किती. 1:20 म्हणजे लिटरला 50 मिली, 1:25 म्हणजे 40. पाच लिटरला पावलिटर हा हिशेब सोपा म्हणून खेड्यात 1:20 टिकलं. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा असं मात्र नाही. प्लग ओला-काळा होतो, एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन साचून गाडीचा दम कोंडतो, शिवाय तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी झाल्याने इंजिन उलट जास्त तापतं.

या पानावर सहसा नसलेली आणि विदर्भात हमखास लागणारी गोष्ट उताराची. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी गिअरवर सोडली, की इंजिन वेगाने फिरतं पण ऑइल जवळपास बंद. पिस्टन जाम होतो तो चढावर नव्हे, अशा उतारावर. अधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा उघडायचा किंवा क्लच दाबून धरायचा, एवढाच उपाय.

ही सगळी पुस्तकं इंग्रजी. ती वाचता न येणाऱ्यांसाठी जी आली ती आधी मराठीत आली नाहीत, हिंदीत आली. दिल्लीच्या प्रकाशकांची मोटार मेकॅनिक गाईडं नागपुरात सहज मिळत. विदर्भात ती चालण्यामागे इतिहास आहे. 1956 पर्यंत हा भाग आधी मध्यप्रांत आणि मग मध्य प्रदेश या हिंदी-मराठी राज्यात होता, नागपूर ही त्याची राजधानी. म्हणून इथला मिस्त्री मराठी बोलता बोलता पेचकस, चाबी, कसना हे शब्द सहज वापरतो. पुण्याकडच्या वाचकाला ते खटकतात, इथे खटकत नाहीत. गाईडांचा गुण म्हणजे स्वस्ताई; दोष असा, की एकाच पुस्तकात स्कूटर, बुलेट, राजदूत, जीप सगळं कोंबलेलं. आकडा कोणत्या गाडीचा हे चार पानं मागे जाऊन बघावं लागे आणि छपाईत दशांश चिन्ह हमखास उडे. 0.4 चा 4 झाला तर माणूस हसून सोडून देतो, 0.35 चा 0.53 झाला की फसतो.

आयटीआयची वाट वेगळी. 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. चेन्नईची निमी ही संस्था 1986 मध्ये स्थापन झाल्यावर ट्रेड थिअरी आणि ट्रेड प्रॅक्टिकल अशी पुस्तकांची जोडी नीट बांधली गेली. मापन, फायलिंग (कानस मारणं), आटे पाडणं यासाठी त्यांच्या तोडीचं स्वस्त पुस्तक नाही. विशिष्ट मॉडेलची दुरुस्ती त्यात शोधू नये.

1984-85 मध्ये चित्र पालटलं. हिरो होंडाची सीडी-100, एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स-100. जपानी वर्कशॉप मॅन्युअल ही जातच निराळी होती: वाक्यं कमी, चित्रं जास्त, प्रत्येक बोल्टचा टॉर्क (किती जोराने आवळायचा ते), आणि पार्ट किती झिजला की फेकायचा त्याचा कोठा. ‘घट्ट आवळा’ जाऊन आकडा आला. पण ते मॅन्युअल मालकासाठी नव्हतं, डीलरसाठी होतं. मालकाच्या हाती उरली कुपनांची चोपडी. सुरुवातीला जे पुस्तक मालकाला हेड उतरवायला सांगत होतं, ते आता ‘अधिकृत विक्रेत्याकडे जा’ एवढंच सांगू लागलं.

खेड्यातल्या मिस्त्रीने यातून काढलेली वाट आमच्या मते या इतिहासातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. तो स्पेअर पार्टच्या दुकानात कॅटलॉग वाचू लागला. कॅटलॉग विकण्यासाठी नसतो, काउंटरवर तेलकट होऊन पडलेला असतो. त्यात दुरुस्तीची एकही ओळ नाही, पण प्रत्येक जोडणी सुटी करून ओळीने मांडलेली असते. कोणता वॉशर आधी, सर्क्लिप कुठे, ओ-रिंग किती, हे बघायला इंग्रजी लागत नाही. आणि पार्ट नंबर हीच एक भाषा असते. होंडा पद्धतीत पहिले पाच आकडे वस्तू सांगतात, मधले तीन मॉडेलची खूण, शेवटचे तीन त्यातला बदल. 13101 म्हणजे स्टँडर्ड पिस्टन, 13102 म्हणजे 0.25 मिमी मोठा, 13103 म्हणजे 0.50, 12251 म्हणजे हेड गॅस्केट. दोन मॉडेलच्या पार्टचा नंबर शेवटपर्यंत एकच निघाला, की एकाचा दुसऱ्याला चालतो, दुकानदार काहीही म्हणो.

याच चित्रांनी एक दडलेली जागाही दाखवली. जुन्या शंभर सीसी स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नाही. उजव्या बाजूच्या क्लच कव्हरच्या आत फिरता फिल्टर आहे, तो फिरताना गाळ कडेला फेकतो. शिवाय एक जाळी आहे. ऑइल बदलून हे दोन्ही साफ होत नाहीत, कव्हर उघडावं लागतं आणि नवीन गॅस्केट लागतं. शेकड्याने स्प्लेंडर अशा आहेत, ज्यांचं ऑइल दर दोन हजार किलोमीटरला बदललं पण हा गाळ कधी काढलाच नाही. दुसरी नेहमीची चूक ड्रेन बोल्टची. इंजिनाचं खोकं ॲल्युमिनियमचं, पाना लांब. ताकद लावली की आटे निघतात.

काही बाबतींत पुस्तक आणि गाव यांचा मेळ बसतच नाही. पुस्तकात चेनचा ढिलेपणा मोजायला सांगतात तो मेन स्टँडवर, खालच्या पट्ट्याच्या मध्यावर. चाक फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथे. इथवर बरोबर. पण मागे कापसाचं बोचकं आणि त्यावर एक माणूस बसला की शॉकअप दबतात, मागचा ॲक्सल पुढच्या स्प्रॉकेटपासून लांब जातो आणि तीच चेन तारेसारखी ताणते. ओझं वाहणाऱ्या गाडीला दिलेल्या मर्यादेतला वरचा आकडा धरावा, नाहीतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग बोलू लागतं. एअर फिल्टरही असाच. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये दाबून धुवावा, पिळू नये, वाळवून थोडं ऑइल चोळावं. कागदाचा धुऊ नये, बदलावा. फवारणीच्या दिवसांत रोज शेतात जाणाऱ्या गाडीला पुस्तकातलं अंतर निम्मं समजायचं.

मोटारसायकलच्या इतिहासाच्या पुस्तकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बहुतेक इंग्रजी, बहुतेक शर्यतींची आणि कंपन्यांच्या उदयास्ताची. 1907 ला सुरू झालेल्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीवर पानंच्या पानं. लुनावर (1972) बसून डवरणीला जाणारा शेतकरी त्यात नाही.

1 एप्रिल 2020 ला धुराच्या प्रदूषणाचा बीएस-6 नियम आला, कार्बोरेटर गेला, इंजेक्टर आला, आणि पुस्तकाचा मोठा भाग स्कॅनरमध्ये गेला. तरी सगळंच गेलं नाही. होंडाच्या इंजेक्शन पद्धतीत इंजिनचा दिवा लांब आणि आखूड लुकलुकतो: लांब म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. आठ आखूड म्हणजे थ्रॉटलचा सेन्सर, एक लांब दोन आखूड म्हणजे 12, इंजेक्टर. 21 म्हणजे सायलेन्सरचा ऑक्सिजन सेन्सर. हा तक्ता दारामागे लिहायच्या लायकीचा आहे. कोड आला म्हणून सेन्सर लगेच बदलू नये. आधी कप्लर (तारांची जोडणी) उघडून हिरवा गंज आणि उंदराने कुरतडलेली तार बघावी. गोठ्यात किंवा कापसाच्या खोलीत उभ्या राहणाऱ्या गाडीत बहुधा तिथेच सापडतं. केंद्र सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. वायरिंग डायग्रामचं पान मिळालं तर पहिली छायाप्रत त्याचीच काढावी.

जुन्या पुस्तकातलं पेट्रोलचं प्रकरण मात्र आता तसंच्या तसं धरता येत नाही. फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ पडतं: प्लग पांढरट, गाडी गरम. बुलेट किंवा आरएक्सला मेन जेट एक नंबर मोठा टाकून, दहा किलोमीटर चालवून प्लग बघावा; विटकरी-तपकिरी रंग आला की थांबावं. रबरी नळी आणि फ्लोटचं रबर फुगलं असेल तर नवीन घालावं. आणि पेरणीपासून काढणीपर्यंत उभी राहणारी गाडी असेल, तर उभी करतानाच फ्लोट चेंबरचा (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाकावं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत ते पाणी चेंबरच्या तळाशी पांढरी बुरशीसारखी साय धरून बसतं.