लोकसहभागी आत्महत्या प्रतिबंध धोरण

स्थानिक स्वराज्य संस्था, आरोग्य यंत्रणा आणि रहिवासी यांनी मिळून आपल्या हद्दीतील आत्महत्या रोखण्यासाठी आखलेला व राबवलेला कृती आराखडा. कायदे, दिशा आणि बराचसा पैसा राष्ट्रीय धोरणातून येतो. कोणत्या वस्तीतली, कोणत्या वयाची माणसे संकटात आहेत आणि ती मदतीसाठी आधी कोणाकडे जातात, हे मात्र स्थानिक पातळीवरच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ७ लाख २७ हजार माणसे आत्महत्येने दगावली. त्यांतली जवळपास तीन-चतुर्थांश अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. तिथे मानसोपचारतज्ज्ञ इतके कमी आहेत की हा प्रश्न फक्त रुग्णालयांवर सोपवता येत नाही.

राष्ट्रीय पातळीवर या कामाला पहिली शिस्त लावली ती फिनलंडने. १९८६ ते १९९६ या काळातल्या तिथल्या कार्यक्रमाची सुरुवात अभ्यासाने झाली. १९८७-८८ मधील एका वर्षात घडलेल्या १,३९७ आत्महत्यांपैकी प्रत्येकीची माहिती नातेवाइकांशी बोलून आणि नोंदी तपासून जमवण्यात आली, आणि उपाय त्यानंतर ठरले. संयुक्त राष्ट्रांनी १९९६ मध्ये राष्ट्रीय धोरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. समुदायाला धोरणात कसे सामील करून घ्यावे, यावरची जागतिक आरोग्य संघटनेची स्वतंत्र पुस्तिका २०१८ मध्ये निघाली.

स्थानिक सरकारांवर स्पष्ट कायदेशीर जबाबदारी टाकणारे ठळक उदाहरण जपानचे. तिथल्या वार्षिक आत्महत्या १९९८ मध्ये एकदम वाढून ३० हजारांच्या वर गेल्या आणि २०११ पर्यंत, म्हणजे सलग १४ वर्षे, त्याखाली आल्या नाहीत. आप्तांना गमावलेली कुटुंबे उघडपणे बोलू लागली, एक लाखाहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि २००६ मध्ये आत्महत्या प्रतिबंधाचा मूलभूत कायदा झाला. २०१६ च्या दुरुस्तीने प्रत्येक प्रांत आणि पालिकेला स्वतःचा आराखडा करणे बंधनकारक झाले. आत्महत्येची आकडेवारी वय, लिंग, व्यवसाय अशा तपशिलासह पालिकानिहाय मिळू लागली. आप्तांकडून घेतलेल्या माहितीवरून केलेल्या एका पाहणीत एकेका मृत्यूमागे सरासरी चार कारणे गुंतलेली आढळली: नोकरी जाणे, कर्ज, घरातले वाद, नैराश्य. चार खात्यांच्या चार खिडक्या फिरण्याचे त्राण अशा माणसात उरत नाही. म्हणून टोकियोतील अदाची विभागाने रोजगार, कर्ज, कायदा आणि मानसिक आरोग्य यांचा सल्ला एकाच ठिकाणी मिळण्याची सोय केली. आराखडा करताना पालिकेने आपली सगळी चालू कामे तपासून त्यांतली कोणती या कामाला जोडता येतील हे पाहावे, अशीही तिथे अपेक्षा असते. थकीत कराची वसुली करणारा कारकून या नजरेने पाहिला, तर संकटात सापडलेल्या माणसाला सर्वांत आधी भेटणारा सरकारी माणूस ठरू शकतो.

‘समुदाय’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न अनेक आराखड्यांत टाळलेला दिसतो. समितीवर पदाधिकारी, पोलीस, डॉक्टर, मुख्याध्यापक असतात. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली माणसे आणि मृतांचे कुटुंबीय बहुधा नसतात, किंवा मसुदा तयार झाल्यावर मत देण्यापुरते बोलावले जातात. याला सहभाग म्हणणे कठीण आहे. लहान गावात त्यांना उघड बसवणेही सोपे नसते. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे गोपनीय मुलाखती किंवा प्रतिनिधी संघटना हा मार्ग घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष कामात शिक्षक, धर्मगुरू, औषधविक्रेते, पोलीस यांना धोक्याची चिन्हे ओळखून माणसाला योग्य ठिकाणी पोहोचवण्याचे प्रशिक्षण दिले जाते. त्यांना गेटकीपर म्हणतात. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात २००१-०२ मध्ये असे प्रशिक्षण, फॅमिली डॉक्टरांची उजळणी, जनजागृती आणि रुग्ण व नातेवाइकांना आधार ही चारही कामे एकाच वेळी झाली. आत्महत्या आणि तिचे प्रयत्न यांची एकत्रित संख्या २४ टक्क्यांनी घटली. नुसत्या मृत्यूंत मात्र तुलनेच्या शहरापेक्षा ठोस फरक दिसला नाही, हे या यशोगाथेत अनेकदा गाळले जाते. पूल, रेल्वेमार्ग व उंच इमारतींवरील संरक्षक जाळ्या, शाळांतील जीवनकौशल्य शिक्षण, स्थानिक पत्रकारांशी संयत वार्तांकनाबाबत बोलणी आणि मृत्यूनंतर कुटुंबाला आधार ही कामेही याच कक्षेत येतात. हेल्पलाइनचा क्रमांक छापणे सोपे असते. रात्री फोन उचलणारा माणूस नेमण्याची तरतूद आराखड्यात शोधावी लागते.

स्थानिक उपायांना मर्यादा आहेत. श्रीलंकेच्या ग्रामीण भागात १८० गावांत कीटकनाशके ठेवायला घरोघरी कुलूपबंद पेट्या देऊन मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि विषप्राशनाच्या घटना त्यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय बंदी आल्यावर १९९५ मध्ये लाखामागे सुमारे ४७ असलेला आत्महत्येचा दर दहा वर्षांत निम्म्यावर आला. गावाने कितीही मनावर घेतले तरी बाजारात काय विकले जावे हे गाव ठरवू शकत नाही.

भारताचे राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू २०२० च्या तुलनेत १० टक्क्यांनी कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामार्फत सर्व जिल्ह्यांत मनोविकार बाह्यरुग्ण विभाग सुरू करण्याचे त्यात म्हटले आहे.

मूल्यमापन हा या धोरणांचा सर्वांत अवघड भाग आहे. स्कॉटलंडने २००२ मध्ये सर्व ३२ स्थानिक परिषदांना सामील करून घेत, त्यांच्यासाठी वेगळा निधी राखून, २०१३ पर्यंत २० टक्के घटीचे लक्ष्य ठेवले. सुमारे १८ टक्के घट झाली. देशाच्या पातळीवर अशी तुलना करता येते. एखाद्या लहान पालिकेत वर्षाला दोन-तीन मृत्यू होत असतील, तर एकाच्या फरकाने दर उसळतो किंवा कोसळतो. म्हणून तिथे पाच वर्षांची सरासरी काढतात आणि शेजारच्या पालिकांचे आकडे एकत्र करतात. शिवाय प्रयत्नानंतर रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी किती जणांशी ठरलेल्या मुदतीत संपर्क झाला, यासारख्या कामाच्या नोंदी तपासतात.