गँग्लियाचे रिकामे आलेख: एका शून्याची पार्श्वभूमी

क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या (नोडच्या) समूहावर, देखरेख ठेवणारी गँग्लिया ही मुक्त प्रणाली 2000 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पातून पुढे आली. प्रत्येक नोडवरील जीमॉन्ड हा मोजणी करणारा प्रोग्राम आपली मोजमापे 239.2.11.71 या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोहोचणाऱ्या) पत्त्यावर, 8649 पोर्टवर पाठवी आणि इतर सर्व नोड ती ऐकत.

आलेख कोरे राहण्याचा खरा तिढा 2008 मधील 3.1 आवृत्तीपासून सुरू होतो. नवी मेट्रिक (मोजायच्या बाबी) मॉड्यूलरूपाने जोडता यावीत म्हणून मेट्रिकचे नाव, प्रकार, एकक इत्यादी वर्णन मूल्यापासून वेगळे करून स्वतंत्र पॅकेटमधून पाठवले जाऊ लागले. ते किती सेकंदांनी पुन्हा पाठवायचे हे ठरवणाऱ्या सेंड_मेटाडेटा_इंटरव्हल या सेटिंगचे मूळ (डीफॉल्ट) मूल्य मात्र शून्य राहिले. म्हणजे वर्णन जीमॉन्ड सुरू होतानाच जाणार आणि नंतर कोणी मागितले तरच. मल्टिकास्टमध्ये हे रास्त आहे, कारण उशिरा उठलेला जीमॉन्ड सर्वांकडे वर्णन मागू शकतो. युनिकास्टमध्ये, म्हणजे नोड फक्त एका ठरलेल्या यंत्राकडे पाठवतो तेव्हा, ती मागणी नोडपर्यंत पोहोचतच नाही. मॅन्युअलमध्ये तशी सूचना आहे, हे खरे; पण चूक दाखवणारा कोणताही संदेश न देता आलेख कोरे ठेवणारे मूळ मूल्य समर्थनीय ठरत नाही.

नाशिकमधील महाविद्यालयीन प्रयोगशाळांसारख्या ठिकाणी हा प्रश्न उद्भवू शकतो. आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त ते हवे असलेल्या यंत्रांकडेच सोडण्याची सोय) चालू असलेल्या नेटवर्क स्विचवर क्वेरियर, म्हणजे ते कोणाला हवे हे ठरावीक काळाने विचारणारा घटक, नसेल तर मल्टिकास्ट काही मिनिटांत थांबते, म्हणून क्लस्टर सांभाळणारा युनिकास्टकडे वळतो. पुढे कधी वीज जाऊन परत आली, की नोड आधी उठतात, सर्वांची मोजमापे गोळा करणारा हेड नोड डिस्कची तपासणी उरकून शेवटी उठतो आणि तोवर वर्णने पाठवून झालेली असतात. टेलनेटने हेड नोडच्या 8649 पोर्टवर गेल्यास एक्सएमएलमध्ये होस्टची नोंद दिसते, पण तिच्या आत मेट्रिकची एकही ओळ नसते. अशा वेळी फायरवॉल किंवा जीमेटाडी (जीमॉन्डकडून माहिती घेऊन साठवणारा प्रोग्राम) तपासण्यात वेळ वाया जातो, कारण पॅकेट तर येतच असतात.

पुढे आलेल्या प्रोमिथियस या देखरेख प्रणालीत सर्व्हर स्वतःच नोडकडून मोजमापे ओढून घेतो, आणि मेट्रिकचे नाव दर खेपेस मूल्यासोबतच येते. त्यामुळे हा विशिष्ट घोटाळा तिथे संभवत नाही. गँग्लियावर चालणाऱ्या जुन्या क्लस्टरांत मात्र 30 सेकंदांसारखे मूल्य प्रत्येक नोडच्या जीमॉन्ड.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून तिथलाच जीमॉन्ड पुन्हा सुरू करावा लागतो. केवळ हेड नोडवर केलेला बदल लागू पडत नाही.