भरतीच्या सोळाशेतून आलेला स्टीपलचेजर

आष्टी-पाटोद्याकडच्या रस्त्यावर पहाटे साडेचारला पळणारी पोरं दिसली, तर ती कशासाठी पळतात हे इकडं कुणी विचारत नाही. भरती. एकजण मोटारसायकलचा हेडलाइट लावून मागं, एकजण मोबाइलवर टायमिंग धरून पुढं. "सोळाशे किती आला?" "पाच पस्तीस." "मग अजून पाच सेकंद काढावे लागतील." सैन्यभरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं की पळण्याचे ६० पैकी ६० गुण मिळतात. पोलीस भरतीलाही पोरांना १६००च, पोरींना ८००. ऑलिम्पिकमध्ये १६०० मीटर नावाची वैयक्तिक शर्यतच नाही, पण आमच्याकडं सगळ्यात जास्त पळलं जाणारं अंतर हेच.

स्टीपलचेज या अडथळ्यांच्या शर्यतीत पळणाऱ्या अविनाश साबळेच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना बहुतेकजण पदकांपासून सुरुवात करतात. मला ती या रस्त्यापासून करावीशी वाटते. १३ सप्टेंबर १९९४चा जन्म, गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. आईवडील वीटभट्टीवर. शाळा सहा किलोमीटर लांब आणि जायला गाडी नाही, म्हणून कधी चालत, कधी पळत. ही गोष्ट आता इतक्यांदा सांगून झालीय की जणू शाळेच्या त्या वाटेवरच ऑलिम्पिकची तयारी चालली होती. तसं असतं तर ऊसतोडीच्या या पट्ट्यातून दरवर्षी डझनभर साबळे निघाले असते! बारावीनंतर तो सैन्यात गेला तो नोकरीसाठी. महार रेजिमेंटची पाचवी बटालियन, मग सियाचिन, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम. स्पर्धेत पळायला त्यानं सुरुवात केली २०१५मध्ये, तीही सैन्यातल्या क्रॉस कंट्रीपासून. स्टीपलचेजकडं त्याला वळवलं ते सैन्यातलेच प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी.

ही शर्यत आपल्याकडं फारशी कुणी पाहिलेली नसते. अंतर ३००० मीटर, अडथळे २८ आणि वर पाण्याच्या उड्या ७. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण कमरेएवढी. साध्या हर्डल शर्यतीत अडथळ्याला पाय लागला तर तो आडवा होतो. इथला अडथळा जाड लाकडाचा, तो जागचा हलत नाही, पडायचं ते पळणाऱ्यानंच. पाण्याच्या उडीला अडथळ्यावर पाय देऊन पलीकडं झेप घ्यायची, खड्डा अडथळ्याजवळ खोल आणि पुढं उथळ होत गेलेला. झेप कमी पडली की खोल पाण्यात, आणि पुढचा फेरा भिजलेल्या स्पाइक्सनी, म्हणजे खिळ्यांच्या बुटांनी. पळण्याची लय पस्तीस वेळा मोडायची आणि पस्तीस वेळा परत धरायची.

भारतात या प्रकाराची परंपरा म्हणावी तर फार विरळ. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये गुलझारा सिंग उतरले होते, त्यानंतर पुरुषांत थेट साबळे, टोकियोत. गोपाल सैनींचा ८:३०.८८ (८ मिनिटं ३०.८८ सेकंद) हा राष्ट्रीय विक्रम १९८१चा. तो ३७ वर्षं टिकला आणि २०१८मध्ये भुवनेश्वरला साबळेनं ८:२९.८०मध्ये मोडला. त्यापुढं त्यानं स्वतःचाच विक्रम मोडत नेला. २०१९मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत धक्काबुक्कीत अडकला, भारतानं दाद मागितली म्हणून अंतिम फेरीत घेतला गेला आणि तिथं ८:२१.३७ला आला. टोकियोत ८:१८.१२ची नवी वेळ देऊनही अंतिम फेरी हुकली.

मग २०२२ची बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ ते २०१८ या सगळ्या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाकडं गेली होती. साबळे आला ८:११.२०मध्ये, केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५मध्ये. पाच शतांश सेकंद. इथं भरतीच्या ग्राउंडवर हातातल्या घड्याळानं वेळ घेणाऱ्याचं बोटसुद्धा याहून जास्त चुकतं. पुढं २०२३ला हांगझोऊ आशियाडमध्ये स्टीपलचेजचं सुवर्ण आणि ५००० मीटरचं रौप्य, जुलै २०२४ला डायमंड लीग या जागतिक स्पर्धामालिकेत पॅरिसला ८:०९.९१, आणि महिन्याभरातच ऑलिम्पिकची अंतिम फेरी, अकरावा नंबर.

व्यावसायिक धावपटू म्हटलं की बाहेर बुटांच्या कंपनीचा करार आणि शर्यतीत उतरण्याचं मानधन डोळ्यासमोर येतं. आपल्याकडं व्यवसाय म्हणजे खात्याची नोकरी: सैन्य, रेल्वे, पोलीस. पोरगं पळतंय म्हटल्यावर बाप पहिलं विचारतो, "पर्मनंट हाय का?" प्रश्न रास्त आहे. मोठ्या मॅरेथॉनमध्ये भारतीय गटाला वेगळी बक्षिसं असतात, परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ला मुंबईत भारतीय महिला गट जिंकला होता. पण मॅरेथॉन वर्षातून दोन-तीनच नीट पळता येतात, एका दुखापतीत अख्खा हंगाम जातो. नोकरीत शिबिराला रजा मिळते आणि गुडघा गेला तरी पगार थांबत नाही. साबळेचा गुडघा जुलै २०२५मध्ये मोनॅकोत पाण्याच्या उडीला पडून दुखावला, शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा गेली.

आता हिशेब थोडा बदललाय. २०२२पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं सेवा, पुढं जास्तीत जास्त २५ टक्के कायम. पदकं घेऊन येणाऱ्या खेळाडूंना सैन्यात थेट प्रवेश आहे, पण साबळे गेला तेव्हा त्याच्याकडं दाखवायला एकही पदक नव्हतं. त्याची पहिली चार वर्षं बर्फात, वाळूत आणि क्रॉस कंट्रीची तोंडओळख होण्यात गेली. स्टीपलचेज त्यानंतर आलं.